टॅरँटुलाचं घर सजवताय? मग टोकदार दगड, कॅक्टस आणि जाळीचं झाकण आधी बाहेर काढा

2009 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात 29 वर्षांचा एक तरुण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आला. एक डोळा लाल झालेला, सतत पाणी येतंय, उजेड सहन होत नाही. डोळे आले असतील म्हणून आधी औषधं दिली गेली होती, पण तीन आठवडे झाले तरी फरक नव्हता. डॉक्टरांनी मोठ्या भिंगातून पाहिलं तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केसांसारखे बारीक धागे रुतलेले दिसले.

मग तरुणाला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी तो आपल्या पाळीव टॅरँटुलाची काचपेटी साफ करत होता. काचेवरचा एक डाग निघत नव्हता, म्हणून त्याचं सगळं लक्ष तिकडेच होतं. तेवढ्यात मागे हालचाल जाणवली, त्याने मान वळवली आणि टॅरँटुलाने केसांचा फवारा थेट त्याच्या तोंडावर सोडला. हे प्रकरण पुढे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता तुम्ही म्हणाल, याचा सजावटीशी काय संबंध? तर संबंध आहे. पेटीत जितक्या जास्त वस्तू, तितकी साफसफाई जास्त आणि तितक्या वेळा हात आत जाणार. आणि चुकीची वस्तू ठेवली, तर माणसाच्या डोळ्यापेक्षा मोठा धोका त्या कोळ्याच्या जिवाला असतो.

इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर दगडांचे कडे, कवट्या, रंगीत लाइट आणि छोटे किल्ले लावलेल्या काचपेट्या सर्रास दिसतात. फोटोत त्या भारी दिसतात. पण टॅरँटुलासाठी त्या कशा असतात, ते आधी पाहू.

सजावट नक्की कोणासाठी?

टॅरँटुलाला आठ डोळे असतात, पण नजर अगदीच कमकुवत. उजेड-अंधार आणि जवळची हालचाल एवढंच त्याला जेमतेम कळतं. जग तो ओळखतो ते पायांवरच्या केसांमधून, म्हणजे जमिनीतल्या कंपनांवरून आणि स्पर्शावरून. त्यामुळे पेटीतली कवटी किंवा निळा लाइट त्याच्या काहीच कामाचा नाही. उलट सतत चालू असलेल्या प्रकाशामुळे तो लपून बसतो.

त्याला लागतात चार गोष्टी: लपायला अंधारी जागा, खणायला किंवा चढायला योग्य आधार, जाळं अडकवायला काही टोकं आणि प्यायला पाणी. यापलीकडची प्रत्येक वस्तू आपल्या हौसेसाठी असते. हौस असायला हरकत नाही, फक्त ती त्याच्या जिवावर बेतू नये.

पडल्यावर एवढं काय होतं?

टॅरँटुलाच्या पुढच्या भागावर कडक कवच असतं, पण मागचं पोट म्हणजे पातळ कातडीची पिशवी. तिच्या आत द्रव दाबाखाली भरलेला असतो. कोळ्यांना पाय दुमडण्यासाठी स्नायू असतात, पण पायाचे मुख्य सांधे सरळ करण्यासाठी ते शरीरातल्या द्रवाचा दाब वापरतात. जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबावर उघडतो, साधारण तसंच.

म्हणजे पोट फुटलं तर फक्त जखम होत नाही, चालण्याची यंत्रणाच बंद पडते. दाब कमी झाला की पाय आत मुडपतात आणि कोळी उठू शकत नाही. पायाची छोटी जखम असेल तर पुढच्या वेळी कात टाकताना ती भरून निघू शकते, तुटलेला पायसुद्धा पुन्हा येऊ शकतो. पोट फाटलं तर मात्र बहुतेक वेळा जीव वाचत नाही.

म्हणून जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी पाळणाऱ्यांमध्ये एक साधा नियम वापरला जातो: माती आणि झाकण यांच्यातलं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या साधारण दीडपटीपेक्षा जास्त नको. पाय पसरून कोळी 12 सेंटीमीटरचा होत असेल, तर हे अंतर 18 सेंटीमीटरच्या आसपास. पेटी उंच असेल तर उपाय सोपा आहे, मातीचा थर वाढवा.

आधी जात ओळखा, मग सजावट

सगळे टॅरँटुला एकसारखे राहत नाहीत. ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

जमिनीवर राहणारे: लाल गुडघ्यांचा मेक्सिकन टॅरँटुला, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हॅमोरी, हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कोरड्या प्रदेशात तो दगडांखाली आणि झाडांच्या मुळांशी बिळात राहतो. याची मादी 20 वर्षांहून जास्त जगू शकते. याच्यासाठी मातीचा जाड थर, एक लपण आणि मोकळी सपाट जमीन पुरते.

खोल बीळ खणणारे: यांना सजावट जवळजवळ लागतच नाही. खूप खोल, दाबून बसवलेली माती हीच त्यांची सजावट. वर ठेवलेल्या वस्तू ते स्वतःच मातीखाली गाडून टाकतात.

झाडावर राहणारे: मार्टिनिक बेटावरचा कॅरिबेना व्हर्सिकलर किंवा भारत-श्रीलंकेतले पोएसिलोथेरिया. यांना उभी पेटी आणि उभं लावलेलं पोकळ लाकूड लागतं. हे चढण्यात तरबेज असतात, त्यामुळे इथे उंचीचा नियम लागू होत नाही. पण खाली दगड किंवा टोकदार वस्तू नकोत, हे इथेही तितकंच खरं.

याशिवाय व्हेनेझुएलातला क्रोमाटोपेल्मा हा निळ्या पायांचा टॅरँटुला पेटीभर जाळं विणतो. त्याला जाळं अडकवायला बारीक फांद्या जास्त दिल्या, तर बाकीची सजावट तो स्वतःच करतो.

पेटीत काय ठेवावं?

कोकोपीट: नारळाच्या काथ्याचा भुसा. रोपवाटिकेत सहज मिळतो, ओलावा धरतो आणि पडल्यावर गादीसारखा काम करतो. मात्र त्यात खत मिसळलेलं नाही ना, हे पाकिटावर तपासा. वाळू टाळा, तिच्यात बीळ टिकत नाही.

कॉर्कची साल: ज्या झाडापासून बाटल्यांची बुचं बनतात, त्याची साल. हलकी असते, लवकर बुरशी धरत नाही आणि गोल तुकडा असेल तर लपायला तयार बोगदा मिळतो. जगभरातले पाळणारे हीच सगळ्यात जास्त वापरतात.

नारळाची करवंटी: आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त पर्याय. आतलं खोबरं पूर्ण खरवडून, धुऊन, उन्हात कडक वाळवा, नाहीतर बुरशी येते. दारासाठी कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा आणि करवंटी मातीत थोडी रुतवून बसवा.

मातीची छोटी कुंडी: आडवी करून अर्धी मातीत गाडली की छान गुहा तयार होते. फुटलेली खापरं मात्र नकोत, त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात.

वाळकी पानं आणि फांद्या: जिथे औषध फवारणी होत नाही अशा ठिकाणच्या. उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवून घ्या. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणणं हा गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा.

कृत्रिम पानं: कापडाची किंवा मऊ प्लॅस्टिकची चालतात. पण देठातली तार बाहेर आलेली नाही ना, रंग पाण्यात सुटत नाही ना, हे पाहा. एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रंगलं तर ती पानं पेटीत नकोत.

पाण्याची उथळ वाटी: टॅरँटुला थेट वाटीतून पाणी पितो. त्यात स्पंज किंवा कापूस ठेवायची गरज नाही, त्यात फक्त जंतू वाढतात.

काय अजिबात नको?

कॅक्टस आणि काटेरी झाडं. 'वाळवंटी लूक' म्हणून सर्वाधिक केली जाणारी चूक. काचेवर चढलेला कोळी घसरला की थेट काट्यांवर.

टोकदार किंवा जड दगड. पडल्यावर पोट फुटायची भीती तर आहेच, दुसरा धोका जास्त फसवा आहे. टॅरँटुला दगडाखाली खणतो, माती ढासळते आणि दगड त्याच्याच अंगावर बसतो. दगड ठेवायचाच असेल तर छोटा, गोलसर आणि थेट पेटीच्या तळावर टेकलेला हवा, मातीवर तरंगता नको.

जाळीचं झाकण. टॅरँटुलाच्या प्रत्येक पायाच्या टोकाला नख्या असतात. तारेच्या जाळीला उलटा लटकताना त्या अडकतात. सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतो किंवा कोळी खाली पडतो. त्याऐवजी छोटी भोकं पाडलेलं अ‍ॅक्रिलिकचं झाकण वापरा.

तीव्र वासाचं लाकूड. देवदार, चीड यांचा भुसा किंवा तुकडे नकोत. त्यातली तेलं कीटक आणि कोळ्यांना घातक ठरतात.

गरम होणारे दगड. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकले जाणारे विजेवर तापणारे दगड टॅरँटुलासाठी नाहीत. उष्णतेने तो भाजतो किंवा त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं.

ताजा रंग, वॉर्निश, गोंद. सिलिकॉनने काही चिकटवलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत कोळ्याला आत सोडू नका.

खरं झाड लावलं तर?

चालतं. मनी प्लांटसारखं झाड कमी उजेडात टिकतं आणि त्याला टोकं नसतात. अडचण झाडाची नाही, त्यावरच्या औषधाची आहे. नर्सरीतल्या झाडांवर अनेकदा कीटकनाशक मारलेलं असतं. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं तर झाडाच्या आतच शोषली जातात, नुसतं धुऊन जात नाहीत. म्हणून घरी आधीपासून असलेल्या, कधीच फवारणी न केलेल्या झाडाची फांदी पाण्यात मुळं फुटवून लावणं जास्त सुरक्षित.

हाच नियम पेटीबाहेरही लागू होतो. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळ्यांनाही सोडत नाहीत. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असेल, तर पेटी त्या दिवशी दुसऱ्या घरी हलवलेली बरी.

थोडी जमीन रिकामी का ठेवायची?

वाढीसाठी टॅरँटुला कात टाकतो. त्याआधी तो खाणं सोडतो आणि मग बहुतेक वेळा पाठीवर उताणा पडतो. नवखा माणूस हे पाहून घाबरतो आणि मेला समजून त्याला हलवतो. तसं करू नका. मेलेला कोळी सहसा पाय पोटाखाली मुडपून बसलेल्या स्थितीत असतो, उताणा नसतो.

या काळात त्याचं अंग आणि दातसुद्धा मऊ असतात. उताणं पडायला पाय पसरता येतील एवढी सपाट जागा हवी. वस्तूंची गर्दी असेल तर कात अडकू शकते. शिवाय खाद्य म्हणून सोडलेला रातकिडा सजावटीच्या फटीत लपून बसला, तर तो मऊ पडलेल्या टॅरँटुलाला कुरतडूही शकतो. म्हणून न खाल्लेलं जिवंत खाद्य दुसऱ्या दिवशी बाहेर काढायलाच हवं. आणि ते शोधता येईल एवढीच सजावट ठेवायला हवी.

कायदा काय सांगतो?

भारतात टॅरँटुला पाळण्याआधी हा भाग नक्की वाचा. ब्रॅकिपेल्मा आणि पोएसिलोथेरिया या दोन्ही गटांतल्या कोळ्यांचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. त्यानंतर साइट्सच्या यादीतले जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारकडे नोंदणी करावी लागते. 2024 च्या नियमांनुसार ही नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर होते.

आणि रानातून कोळी पकडून आणणं तर नकोच. आंध्र प्रदेशातला निळाशार पोएसिलोथेरिया मेटॅलिका आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याचं जंगल कमी होतंय, शिवाय पाळण्यासाठी होणारी पकड हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं.

पेटी बंद करण्याआधी हे तपासा

- प्रत्येक वस्तूच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर पोटालाही टोचणार.
- प्रत्येक वस्तू हाताने हलवून बघा. डगमगली तर आणखी खोल रुतवा.
- माती ते झाकण अंतर मोजा.
- लपण, पाणी आणि रिकामी जमीन, तिन्ही आहेत ना?
- आत हात न घालता, लांब चिमट्याने वाटी आणि उरलेलं खाद्य काढता येतंय ना?

शेवटचा मुद्दा लीड्समधल्या त्या तरुणासाठी सगळ्यात महत्त्वाचा ठरला असता. अमेरिका खंडातले बरेच टॅरँटुला धोका वाटला की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरँटुलांकडे हे केस नसतात, पण ते जास्त चपळ असतात आणि त्यांचा चावा जास्त वेदनादायी असतो. त्यामुळे जात कोणतीही असो, सफाई करताना चष्मा किंवा गॉगल आणि हातमोजे हवेतच.

आणि एकदा पेटी नीट लागली की दर महिन्याला 'नवा लूक' देऊ नका. टॅरँटुला आपलं बीळ आणि जाळं स्वतः लावून घेतो. ते मोडलं की त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.