मृतमांसाचा त्याग आणि शाकाहाराची सक्ती

मांसाहार नैतिक की अनैतिक, असा वाद माझे विद्यार्थी हल्ली घालतात. प्रश्न खोटा नाही. कापल्या जाणाऱ्या जनावराला वेदना होतातच. पण या वादात आपला इतिहास कोणी आणीत नाही.

गावातील मेलेले ढोर ओढणे हे महारकीचे काम आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची हाक दिली. लोकांनी ते सोडले, ढोरे ओढण्यास नकार दिला आणि त्यापायी मार व बहिष्कार सोसला. हा नकार लाचारीला होता. सवर्णांच्या पंक्तीत बसण्यासाठी घेतलेले ते शाकाहाराचे व्रत नव्हते.

विनयपिटकात देवदत्त मागणी करतो की, भिक्षूंना मासे-मांस बंद करावे. बुद्ध ती नाकारतात. आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर मात्र ते मांस वर्ज्य. म्हणजे सक्ती नाही, विवेक आहे.

आज काय दिसते? २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीपाठोपाठ बैलाचीही कत्तल बंद झाली. २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलितांना मारहाण झाली. जातीने जे काम लादले, त्याच कामाची ही शिक्षा!

ज्याला मांस सोडायचे त्याने जरूर सोडावे. पण दुसऱ्याचे ताट तपासणाऱ्याने त्याला नीती म्हणू नये. आपल्या आज्या-पणज्यांनी मृतमांस सोडले, ते घरात दुसरे कोरड्यास नसताना, आणि स्वतःच्या निर्णयाने.