हाली, कळदार आणि बट्टा

आजचा हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झाला; १९४८ पर्यंत मात्र हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि येथे हैदराबादचा ‘हाली सिक्का’, म्हणजे चालू नाणे, व्यवहारात असल्यामुळे शेजारच्या इंग्रजी अंमलातील वऱ्हाडात वाशीमला रक्कम पाठवणे हेही परमुलखातले देणे ठरत असे. इंग्रजी रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून ‘कळदार’. पुढे १९०४ च्या सुमारास चारमिनारची छाप असलेला हाली रुपयाही यंत्रावरच पडू लागला, तरी नावातला भेद टिकला. सरकारी हिशेबात शंभर कळदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, असे प्रमाण होते.

अशी रक्कम पाठवण्यासाठी हुंडी, म्हणजे परगावी पैसे देण्याची चिठ्ठी, करणारा सावकार आपले शुल्क, म्हणजे हुंडणावळ, उघड सांगत असे. परंतु खरी मेख बट्ट्यात, म्हणजे नाणे बदलताना धरल्या जाणाऱ्या तुटीत असे. त्याने शंभर कळदारांसाठी १२० हाली धरले, तर हुंडणावळ माफ करूनही त्याच्या पदरात ३ रुपये ५ आणे ४ पै पडत आणि हा आकडा कोणत्याही कागदावर शुल्क म्हणून उमटत नसे. परदेशी पैसे पाठवताना ‘शुल्क शून्य’ म्हणणाऱ्या आजच्या सेवांच्या विनिमय दरातही पुष्कळदा हाच बट्टा दडलेला असतो. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांनी हाली रुपया मोडीत निघाला. बट्टा मात्र, निदान नावाला लागण्यापुरता, बोलण्यात उरला.