ड्यूकच्या काचघरातली केळ

डेव्हनशायरचा सहावा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश जन्मभर अविवाहित राहिला. लोक त्याला ‘बॅचलर ड्यूक’च म्हणत. १८५८ मध्ये तो वारला, तेव्हा गादी नात्यातल्या दुसऱ्या घराकडे गेली. या निपुत्रिक माणसाचं आडनाव आज जगात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या केळ्याला चिकटलेलं आहे. त्या केळीलाही बी नाही, म्हणजे तसं पाहता तीही निपुत्रिकच. तिचा वंश चालतो तो बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांवर.

डर्बिशायरमधला चॅट्सवर्थ हा या घराण्याचा वाडा. भोवतालच्या बागेला स्थैर्य असं कधी लाभलंच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या ड्यूकने फ्रेंच थाटाचे आखीव वाफे आणि उतारावर चोवीस टप्प्यांचा पाट बांधून घेतला. १७६०च्या दशकात चौथ्या ड्यूकने कॅपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराला बोलावलं आणि ब्राउनने त्यातले बरेचसे वाफे मोडून गवताचे मोकळे उतार केले. मग फॅशन पुन्हा फिरली. आजोबांची बाग उखडून आपली मांडायची, ही इंग्रज सरदारांची पिढीजात हौस. सहाव्याच्या वाट्याला आली ती काच.

माळी मात्र त्याला योगायोगाने सापडला. लंडनजवळ चिझिकला ड्यूकचा आणखी एक वाडा होता आणि त्याला लागून हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग. तिथे काम करणारा जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा मुलगा ड्यूकच्या नजरेत भरला. वर्षाला ७० पौंड आणि राहायला घर अशा बोलीवर ड्यूकने त्याला मुख्य माळी केलं आणि स्वतः रशियाच्या झारच्या राज्याभिषेकाला निघून गेला. ९ मे १८२६ रोजी पहाटे साडेचारला पॅक्स्टन चॅट्सवर्थला पोहोचला. दार उघडायला कोणी नव्हतं, तेव्हा गडी फाटकावरून चढून आत उतरला. सगळी बाग पालथी घातली, सहाला माणसं कामाला लावली, कारंजी चालवून बघितली आणि वाड्याच्या कारभारणीकडे न्याहारीला गेला. तिथे तिची भाची सारा होती. नऊ वाजेपर्यंत दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली होती, असं त्यानेच लिहून ठेवलंय. पुढे लग्न झालं आणि नवरा गावोगाव फिरू लागल्यावर बागेचा हिशेब साराने सांभाळला. हकिगतीवर थोडा मुलामा असेलही, पण पॅक्स्टनचं पुढचं आयुष्य पाहिलं की ती सकाळ खरी वाटते.

काचेखाली उष्ण देशांतली झाडं वाढवायची चुरस तेव्हा शंभर वर्षांची जुनी झाली होती. ती सुरू झाली अननसापासून. चामडं कमावून उरलेली ओकची साल खड्ड्यात भरायची, ती कुजताना निघणाऱ्या उबेवर अननसाच्या कुंड्या ठेवायच्या आणि दोन-तीन वर्षं वाट बघायची. इतका खर्च केलेलं फळ कापायला जीव होत नसे. ते मेजावर मिरवण्यापुरतं भाड्यानेही मिळे. कोळसा आणि मजूर ज्याच्याकडे भरपूर, त्याच्याच घरी अननस.

केळं इंग्लंडला अगदीच अनोळखी नव्हतं. थॉमस जॉन्सन या औषधी वनस्पतींच्या जाणकाराने १६३३ मध्ये बर्म्युडाहून आलेला घड लंडनच्या आपल्या दुकानात टांगून लोकांना दाखवला होता. आपल्या कथेतली केळ मात्र वेगळी: बुटकी, दक्षिण चीनमधून मॉरिशसला गेलेली. तिथून चार्ल्स टेलफेअरने ती १८२९च्या सुमारास इंग्लंडला धाडली आणि सरेमधल्या रॉबर्ट बार्कलेच्या संग्रहातून फिरत ती पॅक्स्टनच्या हाती आली. चॅट्सवर्थच्या एका दालनातल्या चिनी भिंतकागदावर केळीचं चित्र आहे, ते पाहून पॅक्स्टनला तिची ओढ लागली, असं सांगतात. त्याने तिला भरपूर खत, पाणी आणि ऊब दिली. नोव्हेंबर १८३५ मध्ये ती निसवली आणि मे १८३६ मध्ये घडावर शंभराहून जास्त केळी होती. बुटकी असल्यामुळे ती काचेच्या छताखाली सहज मावे आणि हाच तिचा मोठा गुण ठरला. पॅक्स्टनने तिला नाव दिलं म्युसा कॅव्हेंडिशी. झाड चीनचं, पाठवणारा मॉरिशसचा, घाम माळ्याचा आणि नाव मालकाचं! चाकरीतला हा शिष्टाचार पॅक्स्टनला चांगला ठाऊक होता.

त्याच वर्षी ‘ग्रेट स्टोव्ह’ची उभारणी सुरू झाली. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच असं काचेचं घर. उबेसाठी आठ बॉयलर आणि सात मैल नळ. धूर-कोळसा पाहुण्यांच्या दृष्टीला पडू नये म्हणून भट्ट्या जमिनीखाली होत्या आणि कोळसा बोगद्यातून येई. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी हजारो दिव्यांच्या उजेडात घोडागाडीत बसून या घराच्या आतून फिरली. पुढे १८५१च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारा पॅक्स्टन इथेच तयार झाला. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, माळी लढाईवर गेले आणि झाडं गारठून मेली. १९२० मध्ये ते घर सुरुंग लावून पाडलं गेलं. सुरुंग लावणारा पॅक्स्टनचाच नातू होता.

केळ तोवर केव्हाच बाहेर पडली होती. जॉन विल्यम्स हा मिशनरी १८३८ मध्ये पॅसिफिकला निघाला, तेव्हा ड्यूकने दिलेली रोपं त्याने काचेच्या बंद पेटीत घालून नेली. सामोआला पोहोचेपर्यंत त्यातलं एकच जगलं. विल्यम्सचा १८३९ मध्ये एरोमांगा बेटावर खून झाला, रोपाला मात्र मुनवे फुटत राहिले आणि ते बेटाबेटांवर पसरले.

तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारात राज्य होतं ते ग्रो मिशेल या दुसऱ्या जातीचं. पनामा रोगाच्या बुरशीने तिचे मळे उजाड केले, तेव्हा १९५०-६०च्या दशकांत फळकंपन्या कॅव्हेंडिश गटाकडे वळल्या. त्या बुरशीला हा गट दाद देत नव्हता. जळगाव, रावेर, यावलच्या शेतकऱ्यांना याच गटातली बुटकी बसराई परिचयाची आहे. ती चॅट्सवर्थच्या झाडाची नात म्हणता येणार नाही, कारण चीनमधून कंद निघण्याच्या वाटा अनेक होत्या. पण कूळ तेच. नव्वदच्या दशकात आलेली उतीसंवर्धित ग्रँड नैन, म्हणजे बाजारातली जी-नाईन, तीही याच गटातली. लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, शेतात आता बहुधा हीच.

बी नसल्याने एका जातीची लाखो झाडं म्हणजे जवळजवळ एकच झाड असतं. एकाला लागणारा रोग मग सगळ्यांनाच लागू शकतो. पनामा रोगाच्या त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. तो आशियातून आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेपर्यंत पोहोचला, आपल्याकडे बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला. त्याची लागण मातीतून होते, आणि एकदा आत शिरलेली बुरशी वर्षानुवर्षं तिथेच तग धरते. म्हणून प्रयोगशाळेतली निरोगी रोपं लावूनही भागत नाही, अवजारांना आणि बुटांना लागलेला चिखलही धुवावा लागतो.