डिफ्युजन एमआरआय: स्ट्रोकनंतर मेंदूचं किती नुकसान झालं, हे कसं कळतं?

मामांचा उजवा हात अचानक लुळा पडला. सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही, पण एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला पांढरा डाग चमकत होता. असं का, हे मी तेव्हा शोधून काढलं.

उत्तर आहे पाणी. मेंदूतले पाण्याचे रेणू सतत हलत असतात. रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगतात आणि पाण्याची हालचाल मंदावते. डिफ्युजन एमआरआय हीच हालचाल टिपतो, त्यामुळे काही मिनिटांतच फरक दिसू शकतो. खात्रीसाठी एडीसी नकाशा बघतात. ताज्या स्ट्रोकची जागा त्यात काळी दिसते.

पुढची पायरी म्हणजे डीटीआय. मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं तितकं नाही. किमान 6 दिशांनी मोजून एफए हा 0 ते 1 मधला आकडा काढतात. हात-पाय हलवणाऱ्या तंतूंमध्ये तो खूप घसरला, तर ताकद परत येणं सहसा अवघड जातं. मात्र तंतू एकमेकांना छेदतात तिथे डीटीआय गोंधळतो.

एक लक्षात ठेवा: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच 108 लावा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण 4.5 तासांच्या आतच देतात.