कीचकवधाची तीन रूपे

एकाच मूळ कथेवरून निरनिराळ्या काळी रचलेल्या कृतींची तुलना करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम 'मुळाशी प्रामाणिक कोण' या प्रश्नाकडे जाते. हा प्रश्न सोपा आहे, परंतु फारसा फलदायी नाही. जपानी चित्रकथांच्या क्षेत्रातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. हिरोमू अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही चित्रकथा 2001 ते 2010 या काळात क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिच्यावरून 'बोन्स' या एकाच संस्थेने दोन चलच्चित्रमालिका काढल्या. 2003 मधील पहिलीच्या वेळी मूळ कथा अपुरी असल्याने तिला स्वतःचा शेवट शोधावा लागला. 2009 मधील दुसरी मुळाच्या वाटेने गेली. म्हणजे येथील भेदाचे मूळ कलावंताच्या लहरीत नसून परिस्थितीत आहे. महाराष्ट्रात विराटपर्वातील कीचकवधाच्या आख्यानाचे जे झाले, त्यातही परिस्थितीचाच हात आहे. फरक इतकाच, की येथे मूळ कथा दोन हजार वर्षांपूर्वीच पूर्ण झाली होती. अपुरे होते ते बोलण्याचे स्वातंत्र्य.

व्यासांच्या आख्यानात कीचक रात्री नर्तनशाळेत मारला जातो. भीम त्याच्या देहाचा केवळ मांसाचा गोळा करतो, आणि त्यानंतर सैरंध्रीला कीचकाबरोबर जाळू पाहणाऱ्या त्याच्या बांधवांचाही संहार करतो. पण या कथेतील खरे मर्मस्थान त्याआधीचे आहे. भर राजसभेत कीचक सैरंध्रीला लाथ मारतो, विराट राजा गप्प राहतो आणि कंकाच्या वेषातील युधिष्ठिर तिला संयमाचा उपदेश करतो. अपमान उघड आणि प्रतिकार गुप्त, हा या कथेचा सांगाडा आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 मध्ये रंगभूमीवर आणलेल्या 'कीचकवध' नाटकात हाच सांगाडा वंगभंगोत्तर राजकारणाला चपखल बसविला. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण रंगमंचावर कोणी उच्चारीत नसे. ते प्रेक्षक करीत. नावांतून राजकारण वाचण्याची सवय त्या पिढीला होतीच. जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये कुर्ल्याची धरमसी गिरणी विकत घेऊन तिचे नाव 'स्वदेशी' ठेवले, तेव्हाही कापडापेक्षा नावच अधिक बोलत होते. नाटकाचा उघड भाग पौराणिक असल्याने त्याला हात लावणे सरकारला प्रथम अवघड गेले. अखेर 1910 मध्ये बंदी आली. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाईन चिरोल यांनी त्याच वर्षीच्या 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथात नाटकाचे जे सविस्तर वर्णन केले, ते विरोधकाचे असूनही प्रेक्षकांच्या समजुतीचा उत्तम पुरावा ठरते. प्रतिपक्षाने ठेवलेली नोंद कधीकधी स्वपक्षाच्या स्तुतीहून अधिक विश्वसनीय असते, ती अशी.

बंदीला दहा वर्षे झाली असता, 1920 मध्ये, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. येथे प्रथम लक्षात घ्यावे ते नाव. पुरुषाच्या वधावरून ते अपमानित स्त्रीकडे सरकले आहे. स्त्रीभूमिका करण्यास स्त्रिया पुढे येणे दुर्मीळ असण्याच्या त्या काळात पेंटरांनी कमलादेवी व सुशीलादेवी यांना पडद्यावर आणले. यामुळे सभेतील विटंबनेला जे प्रत्यक्षत्व आले असेल, ते रंगभूमीवरील पुरुषनटांना साधणे कठीण होते. मूकपटात संवाद नाहीत. खाडिलकरांच्या नाटकाचे बळ तर द्व्यर्थी संवादांत होते. तेव्हा रूपकाची सगळी जबाबदारी दृश्यावर पडली आणि वध इतका हुबेहूब दिसला, की तो भाग गाळावा लागला. शब्द हिरावले गेल्यावर दृश्य अधिक धीट झाले, असे म्हणण्यास जागा आहे. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली, यावरून त्या पटाचा अर्थ कोणत्या परंपरेत लावला गेला, हेही दिसून येते.

प्रभात फिल्म कंपनीची 'सैरंध्री' 1933 ची. दिग्दर्शक व्ही. शांताराम हे पेंटरांच्याच कारखान्यात तयार झालेले. दामले, फत्तेलाल व धायबर हे त्यांचे सहकारीही तेथूनच आलेले. गुरूच्याच विषयाला शिष्यांनी ध्वनी दिला आणि जर्मनीत प्रक्रिया करवून रंगही देऊ पाहिला. रंगाचा प्रयोग फसला. या अपयशाचे कारण यंत्रात शोधण्याची पद्धत आहे, व ती चुकीचीही नाही. परंतु तुलनेच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते: या वेळी कथेला नवे निमित्तच उरले नव्हते. कर्झन जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती, सविनय कायदेभंगाने प्रतिकार उघड्यावर आणला होता, आणि अंधारात गळा दाबणारा भीम हा निःशस्त्र सत्याग्रहाच्या काळाचा नायक होऊ शकत नव्हता. पौराणिक वस्त्रांना रंग चढला. आतील माणसाला चढण्यासारखा तो राहिला नव्हता. त्याच शांतारामांनी पुढे 1937 मध्ये 'कुंकू' काढला, तेव्हा स्त्रीच्या अपमानाचा प्रश्न विराटाच्या सभेतून उचलून जरठ-कुमारी विवाहाच्या घरात नेला, आणि तेथे नायिकेला भीमाची गरज भासली नाही.

तीन रूपांपैकी नाटकाची संहिता तेवढी वाचावयास मिळते. दोन्ही चित्रपट नष्ट झाले आहेत. जे सरकारने बंद केले ते टिकले, जे चालू दिले ते गेले. म्हणून येथील तुलना एका बाजूस ग्रंथ व दुसऱ्या बाजूस जाहिराती, छायाचित्रे आणि आठवणी यांच्यात करावी लागते, आणि पेंटरांच्या पटातून गाळलेल्या त्या वधदृश्याविषयीचे कोणतेही विधान त्या मर्यादेतच घ्यावे लागते.