पीठासनाच्या पायऱ्या

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचे एक चिमुकले राज्य आहे. १९८० साली तेथील वॉरिक शहराच्या पोलीस ठाण्यात एका अधिकाऱ्याच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि उसळून १६ वर्षांच्या जेम्स लँजेव्हिनच्या मानेत शिरली. पोलीस होऊ पाहणारा तो मुलगा जन्माचा पंगू झाला.

सहाच वर्षांनी तो राज्याच्या घटना-परिषदेवर निवडून आला. पुढे राज्याचे विधिमंडळ आणि २००१ साली देशाचे प्रतिनिधिगृह! कणवेपोटी मत मिळते ते एखाद्या वेळी. लँजेव्हिन तेथे २०२३ पर्यंत, तब्बल २२ वर्षे होते. सभापतींच्या पीठासनाला मात्र पायऱ्या होत्या. तेथे लिफ्ट बसविल्यावर, २६ जुलै २०१० रोजी, अपंगांच्या हक्कांचा कायदा २० वर्षांचा झाला त्या दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीवरून सभागृहाचे कामकाज चालविले. तसे करणारे ते पहिलेच.