नेट जोडायला कुणाची परवानगी?

फेब्रुवारी 2012 मधली गोष्ट. लिनस टॉरवाल्ड्स, म्हणजे ज्याने 1991 साली लिनक्सचा गाभा लिहिला तोच, गूगल प्लसवर (आठवतंय का मंडळी? 2019 साली बंद पडलं ते) जाम भडकला होता. राग कुणावर, तर ओपनसुसे नावाच्या लिनक्सवरच! त्याच्या मुलीचा शाळेतून फोन आला की शाळेचा प्रिंटर जोडायचाय आणि लॅपटॉप रूटचा पासवर्ड मागतोय. त्याआधी टाइमझोन आणि वायफायवरूनही त्याचं वाजलंच होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की असल्या रोजच्या कामाला मालकाचा पासवर्ड मागणं ही सुरक्षा नव्हे, शुद्ध वेडेपणा आहे.

आता प्रश्न असा, की ज्याने गाभा लिहिला त्याच्याच घरात ही वेळ का यावी?

त्यासाठी मागे, 1969 पर्यंत जावं लागतं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं. पुढे ते ज्या यंत्रांवर वाढलं, तिथे यंत्र एक आणि वापरणारे अनेक. प्रत्येकाने आपल्या खोलीत काय हवं ते करावं, पण पाण्याच्या टाकीला हात लावायचा नाही. टाकी सोसायटीची, किल्ली एकाकडे. त्या एकाचं नाव रूट. नेटवर्क कार्ड, मॉडेम, ही सगळी टाकीच. लिनक्सने हा वारसा जसाच्या तसा उचलला.

आपल्याकडे व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यातही हीच पायरी होती. विद्यार्थ्यांचं स्वस्त खातं म्हणजे त्यांच्या युनिक्स यंत्रावर फोनवरून केलेलं लॉगिन, नुसती अक्षरं. चित्रं बघायची असतील तर कैकपटींनी महाग टीसीपी-आयपी खातं घ्या. म्हणजे परवानगी खिशाप्रमाणे! घरात तर त्याहून जुनी पद्धत होती. काळ्या फोनच्या तबकडीत छोटंसं कुलूप आणि किल्ली बाबांच्या खिशात. (पोरं हुक टपाटप दाबून नंबर लावायची, तो भाग वेगळा.)

डायलअपच्या काळात लिनक्सने काढलेली युक्ती मला आजही आवडते. डेबियनमध्ये 'डायलआउट' आणि 'डिप' असे दोन गट असत, अजूनही आहेत. ज्याला फोन लावायचाय त्याचं नाव गटात टाका, रूटचा पासवर्ड द्यायची गरज नाही. सरळ, वहीत नाव लिहिल्यासारखं. अडचण एकच. गटाला माणूस कळतो, प्रसंग कळत नाही. तो यंत्रासमोर बसलाय की दुसऱ्या गावाहून शिरलाय, गटाला सगळं सारखंच.

मग लॅपटॉप आले, वायफाय आलं आणि माणूस दिवसातून तीन जाळी बदलायला लागला. 2004 साली रेड हॅटने नेटवर्कमॅनेजर आणला. त्यात कल्पना अशी, की खरं काम रूटच्या अधिकाराने मागे चालणारा एक कार्यक्रम करेल, आपण फक्त विनंती करायची. विनंती मंजूर कोण करणार? त्यासाठी डेव्हिड झॉयथेनने पॉलिसीकिट लिहिलं, ते फेडोरा 8 मध्ये, 2007 साली आलं. आता पोलकिट म्हणतात. ते फक्त 'कोण' विचारत नाही, 'कुठून' हेही विचारतं. समोर बसलेल्याला एक उत्तर, दुरून आलेल्याला दुसरं. दूरस्थ डेस्कटॉपवरून काम करताना अचानक पासवर्डची खिडकी उगवते, ती बहुधा यामुळेच.

पण ढिलाई किती द्यायची? नोव्हेंबर 2009 मध्ये फेडोरा 12 ने समोर बसलेल्या कुणालाही पासवर्डशिवाय अधिकृत सॉफ्टवेअर टाकायची मुभा दिली. एवढी आरडाओरड झाली, की काही दिवसांतच माघार. इकडे ढिलं केलं म्हणून शिव्या, तिकडे लिनस घट्ट आहे म्हणून शिव्या देतोय. दोन्ही बाजू बरोबर होत्या असं माझं मत, आणि लिनस जरा जास्त.

हे इतकं डोक्यात यायचं कारण आमच्या पनवेलच्या सोसायटीचा लॅपटॉप. राऊटरचा पासवर्ड बदलला आणि हिशेब लिहिणाऱ्या काकांना नवा पासवर्ड काही टाकता येईना, दर वेळी ॲडमिनचा मागे. कमिटीने शेवटी तो चिठ्ठीवर लिहून कॅलेंडरच्या मागे चिकटवला. म्हणजे वायफायसाठी बँकेच्या फायलींसकट अख्ख्या यंत्राची किल्ली भिंतीवर!

कारण साधं होतं. 2011 च्या नेटवर्कमॅनेजर 0.9 पासून जोडण्या यंत्राच्या नावावर साठवल्या जातात. एखादी जोडणी सगळ्यांची की एकाचीच, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. सेक्रेटरींनी ती 'सगळ्यांसाठी' केलेली, म्हणून बदलायला ॲडमिन हवा. स्वतःची जोडणी मात्र कुणीही करू शकतो. 'एनएमसीएलआय जनरल परमिशन्स' ही आज्ञा त्या त्या खात्यातून चालवली की कशाला हो, कशाला नाही, कशाला पासवर्ड, ते सगळं दिसतं. (देवनागरीत आज्ञा कशी गोड दिसते बघा :) )

काकांसाठी पोलकिटचा एक नियम लिहिला. हे खातं समोर बसून जोडणी बदलायची ही एकच कृती मागत असेल, तर हो म्हण. बाकी जैसे थे. इथे एक जुनी मेख आहे. डेबियनने कित्येक वर्षं पोलकिटची 0.105 ही आवृत्ती धरून ठेवली होती आणि तिच्या नियमांच्या फायली 'पीकेएलए' असायच्या. मूळ प्रकल्पाने 2012 पासूनच नियम जावास्क्रिप्टमध्ये नेले होते. डेबियन 12 ने, 2023 मध्ये, तोच रस्ता धरला. त्यामुळे जुना सल्ला वाचून पीकेएलए फाइल टाकलीत, तर वेगळं पॅकेज घातल्याशिवाय ती कुणी वाचतच नाही. चूक दाखवणारा संदेशही नाही.

आणि हा दरवान स्वतः तरी किती भरवशाचा? 25 जानेवारी 2022 ला क्वालिस कंपनीने जाहीर केलं, की पोलकिटच्या 'पीकेएक्झेक'मध्ये भोक आहे. मे 2009 पासूनचं! ज्याचं साधं खातं आहे त्याला थेट रूट होता येत होतं. कार्यक्रमाला निदान एक तरी शब्द दिलेला असणार असं धरून चाललेले, आणि कुणीतरी शून्य शब्द दिले. बस्स. पॅच लगेच आला. सोसायटीच्या लॅपटॉपवर तो होताच, कॅलेंडरमागची चिठ्ठी मात्र मला स्वतः फाडावी लागली, आणि ॲडमिनचा पासवर्डही बदलला.